दोन चाकांचा हिशेब

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची चाके आसाच्या दोन टोकांवर सुटी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक चार हात जास्त चालते, आतले चार हात कमी चालते, आणि याबद्दल दोघांपैकी कोणाची तक्रार नसते. ओढणारे बैल पुढे असतात, चाकांनी नुसता भार वाहायचा. ओढण्याचे काम चाकांकडेच सोपवले की मग पेच सुरू होतो. एकाच एंजिनाचे बळ दोघांना द्यायचे, आणि तरीही वळणावर दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे! आगगाडीने यातून आपल्यापुरती वाट काढली. तिची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, पण त्यांची धाव उतरती घडवलेली असते, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक आपल्या जाड भागावरून धावते. सडकेवरच्या गाडीला ही चैन परवडणारी नव्हती. तिच्यासाठी ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चार लहान चाकांची एक मांडणी केली. आज रस्त्यावरून जाणाऱ्या बहुतेक मोटारींच्या पोटात तीच मांडणी फिरते आहे.

घड्याळजीला ही गोष्ट सुचावी याचे मला नवल वाटत नाही. दोन वेगवेगळ्या गतींना एका घरात सुखाने नांदवायचे हाच त्याचा धंदा.

या यंत्राविषयी गाडी चालवणाऱ्यांतसुद्धा एक गैरसमज आहे. चिखलात एक चाक गरगर फिरते, दुसरे खडकावर ढिम्म उभे राहते. ते पाहून आपण म्हणतो, सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाने खाल्ली. खरे तसे नाही. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना पिळाचे बळ जवळपास सारखेच देते. पण चिखलातल्या चाकाला पकड नाही, त्यामुळे ते फार थोडे बळ घेऊ शकते, आणि मग खडकावरच्या चाकालाही तेवढेच थोडे मिळते. समसमान वाटणीचा नियम यंत्राने तंतोतंत पाळलेला असतो आणि त्यामुळेच गाडी जागची हलत नाही. यावर 'लॉक' नावाचा उपाय आहे. लॉक बसले की दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरावे लागते, आणि बळ मात्र ज्याला पेलेल त्याच्याकडे जाते. म्हणजे एका व्यवस्थेत बळ सारखे आणि गती मोकळी, दुसरीत गती सारखी आणि बळ मोकळे. अमर्त्य सेन यांनी १९७९ साली एका व्याख्यानात विचारले होते की समता हवी हे ठीक, पण समता कशाची? एका बाबतीत माणसे सारखी केली की दुसऱ्या एखाद्या बाबतीत ती असमान होणारच, हे त्यांचे म्हणणे मला पुस्तकात वाचून जेवढे कळले नव्हते तेवढे जीपखाली आडवे पडून कळले. असो. यंत्रावरून समाजशास्त्र काढणाऱ्या लोकांवर माझा फारसा विश्वास नाही, आणि माझ्यापुढचा प्रश्न यापेक्षा पुष्कळच लहान होता.

प्रश्न होता एका जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलचा. ही जीप माझ्याकडे आली तेव्हा तिने निदान तीन घरे पाहिलेली होती. आंबेनळीच्या घाटात, पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या सडकेपासून वर, कच्च्या वाटेने मैलभर आत असलेल्या एका वाडीवर मी राहतो. सडक डांबरी आहे. इंग्रजांच्या कागदांत या घाटाला मुंबईच्या फिट्झगेरल्ड नावाच्या एका गव्हर्नराचे नाव सापडते. त्याच्याही आधी पाराच्या बाजूने जाणारी, बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून चढायची जुनी वाट होती. आमची वाट त्या जुन्या वाटेच्याच कुळातली. पावसाळ्यात तिच्यावर चारचाकी ओढीची जीप चढते, एरवी काही चढत नाही. त्यामुळे मी स्वतःसाठी म्हणून घेतलेली जीप पहिल्या दोन महिन्यांतच वाडीची झाली. कोणाची बाळंतीण उतरवायची, कोणाचा ताप, कोणाला जनावर चावलेले. रात्री दारावर थाप पडली की उठून किल्ली शोधायची.

दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी मागून आवाज येऊ लागला. प्रथम बारीक, भुंगा लांबून जावा तसा. मग चढावर स्पष्ट. महाडच्या मिस्त्रींनी शेजारी बसून एक फेरी मारली आणि डोळे मिटून ऐकले. एंजिन ओढत असताना आवाज आला तर क्राऊनच्या दातांची एक बाजू झिजलेली, पाय सोडल्यावर आला तर दुसरी, आणि दोन्ही वेळा सारखा घरघरला तर बेअरिंग. आमचा दोन्ही वेळा येत होता, पण सारखा नव्हता. "सर, सगळंच गेलंय थोडं थोडं," मिस्त्री म्हणाले. खालचा बोल्ट काढून तेल पातेल्यात घेतले, तर उन्हात त्यात पोलादाची बारीक चकाकी दिसली. नदीच्या वाळूत अभ्रक चमकते तशी.

मार्ग चार होते. नव्वद नंबरच्या तेलाऐवजी एकशेचाळीस नंबरचे जाड तेल घालायचे आणि आवाज दबवून वर्ष ढकलायचे. किंवा जसे होते तसेच नवे बसवायचे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात, म्हणून ती जोडीनेच घ्यावी लागतात, एक नवे आणि एक जुने चालत नाही. तिसरा मार्ग लॉकचा. आणि चौथा मार्ग गाडी विकून टाकण्याचा.

चौथ्याविषयी मिस्त्रींनी जे सांगितले ते मी पूर्वीही कुठेतरी ऐकले होते, पण एवढ्या सहजपणे नव्हे. विकायच्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये लाकडाचा भुसा घालतात. तेलात भिजून तो दातांमध्ये गादीसारखा बसतो आणि आठवडाभर आवाज बंद होतो. गिऱ्हाईक फेरी मारते, गाडी मांजरासारखी चालते, सौदा होतो. मिस्त्रींनी हे सुचवले नाही, फक्त जगाची रीत म्हणून सांगितले. मला त्यात फसवणुकीपेक्षाही दुसरी एक गोष्ट बोचली. जाड तेल आणि भुसा यांच्यात अंतर किती? एकाने मी दुसऱ्याचा कान बंद करतो, दुसऱ्याने माझा स्वतःचा.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीविषयी एक निबंध लिहिला, त्याची सुरुवात एका जहाजमालकाने होते. जहाज जुने आहे, पुष्कळदा डागडुजी झालेले आहे. मालकाच्या मनात शंका येते. पण एवढ्या वादळांतून ते सुखरूप आले, आताही येईल, अशी तो स्वतःची समजूत घालतो, आणि ती समजूत अगदी प्रामाणिकपणे पटवून घेतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, मालक दोषी आहेच. पण त्याहून तिखट म्हणणे पुढचे आहे. जहाज बुडाले नसते तरी तो तेवढाच दोषी ठरला असता, कारण प्रश्न जहाजाचे काय झाले हा नाही, तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार होता का हा आहे. हे मत मला फार दिवस अतिरेकी वाटत असे. घरातल्या प्रत्येक कुरकुरणाऱ्या वस्तूविषयी असा विचार केला तर माणसाने जगायचे कधी? पण जहाजमालक जहाजावर नव्हता, ही गोष्ट मी तेव्हा नीट ध्यानात घेतली नव्हती. जीपचा आवाज मला ऐकू येतो. मागे घोंगडीत गुंडाळून बसलेल्या म्हातारीला तो ऐकू येत नाही. आला तरी त्याचा अर्थ तिला माहीत नाही. तिच्या वाटची शंका घेण्याचे कामही माझ्याकडेच आलेले असते.

महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. शेजारी नवा पूल उभा होता, जुन्यावरूनही वाहतूक चालू होती. दोन एसटी गाड्या आणि आणखी काही वाहने अंधारात त्या पोकळीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला होता, असे नंतर सांगण्यात आले. गाडीतल्या माणसांना पुलाचा दगड वाचता येत नव्हता. त्यांच्या वतीने तो दुसऱ्या कोणी वाचायचा होता.

जाड तेलाचा मार्ग इथे संपला. जुन्या जीपांच्या बाबतीत तर तो आणखी एका कारणाने संपतो. या जातीच्या गाड्यांत हातब्रेक चाकांवर नसतो, तो गिअरच्या डब्यामागे, फिरत्या दांड्यावर असतो. म्हणजे हातब्रेक आणि उतारावर एंजिनने धरून ठेवणे, या दोन्ही गोष्टी चाकांपर्यंत पोचतात त्या डिफरन्शियलच्या दातांतून. दात तुटले की चढण्याची ताकद जाते, आणि उभे राहण्याचीही. पुढची ओढ जोडलेली असेल तर तिचा आधार उरतो, नसेल तर फक्त पायाखालचा ब्रेक. आणि तुटलेला तुकडा आतच अडकला तर मागची चाके एकाएकी जखडतात. हे आंबेनळीच्या उतारावर होणे म्हणजे काय, ते इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली. एक जण वाचला, बाकी सगळी माणसे गेली. त्या बसच्या यंत्रात दोष होता असे मी म्हणत नाही. दरीची खोली सांगतो आहे.

तेव्हा उघडायचे हे ठरले. आता नवी जोडी बसवायची की लॉक, एवढेच उरले, आणि खरी अडचण इथेच होती.

"खोलतोयच तर लॉक टाकून घ्या, सर. पुन्हा पुन्हा कोण खोलणार?" मिस्त्रींचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. मजुरी तीच, वेळ तोच, फक्त माल वेगळा. पण 'करतोच आहोत तर' या शब्दांचा मला जरा धाक वाटतो. घर शाकारायला काढले की भिंत पाडण्यापर्यंत आणि मुलीचे लग्न ठरले की गावजेवणापर्यंत हेच तीन शब्द नेतात. एकदा खर्चाचे दार उघडले की आतल्या सगळ्या इच्छा गरजेचा सदरा घालून बाहेर येतात. लॉक ही माझी गरज होती का? आता असे लॉक दुर्मिळही राहिलेले नाही. २०१५ पासून थारच्या मागच्या आसाला तसली सोय कारखान्यातूनच मिळू लागली होती. गाडीचे शौकीन ती पाहून हरखले, आणि मीही त्यांच्यातला थोडासा आहे, हे इथे सांगून टाकलेले बरे.

दुसऱ्या बाजूला मूळपणाचे भक्त आहेत. त्यांना जीप जशी कारखान्यातून निघाली तशीच राहायला हवी. बोल्टसुद्धा त्या सालचा पाहिजे. अशा एका मित्राने मला मूळ जोडीच शोधण्याचा आग्रह केला. त्याला मी मिलिंदपञ्हातल्या रथाची आठवण दिली. नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात ना? मग रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की हे सगळे एकत्र आले म्हणजे रथ असे नुसते म्हणायचे. मित्र म्हणाला, नागसेनाला रथ चालवायचा नव्हता. हे उत्तर चांगले होते. पण त्याचा रोख त्याला वाटला त्याच्या उलट दिशेने जातो. ज्याला चालवायचे आहे त्याने, आस तीच आहे का, हे विचारू नये. ती आज कोणाला घेऊन कुठे जाणार आहे, हे विचारावे.

आमची जीप दोन प्रकारच्या रस्त्यांवर जाते. मैलभर चिखल, आणि त्यानंतर पोलादपूरपर्यंत ओले डांबर, नागमोडी वळणांचे. चिखलात लॉकचे राज्य. पण जी लॉके आपोआप धरतात ती डांबरावरही पूर्ण मोकळी होत नाहीत. आवळ वळणावर आतले चाक फरफटते, गाडी सरळ जाऊ पाहते, आणि पावसात शेपूट बाहेर टाकते. मैलभराच्या सोयीसाठी घाटभर ही सवय गाडीला लावायची का? यावर हवेने किंवा तारेने हवे तेव्हाच जोडायची लॉके मिळतात. ती महाग आहेत, पण महागपणाचा मुद्दा मी मुद्दाम बाजूला ठेवतो. पैशाच्या आड लपून नैतिक प्रश्न सुटला असे म्हणणे सोपे असते.

माझी खरी शंका माझ्याविषयी होती. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असे मांडले की मोटारी जास्त सुरक्षित केल्या की माणसे त्या जास्त बेदरकारपणे हाकतात, आणि मिळालेली सुरक्षितता त्यात बरीचशी खर्च होते. त्यांच्या आकड्यांवर तेव्हापासून वाद आहे. पट्ट्यांनी आणि ब्रेकांनी पुष्कळ जीव वाचवले हेही उघड आहे, म्हणून हा सिद्धान्त मी जसाच्या तसा घेत नाही. पण लॉक हा पट्टा नव्हे. पट्टा अपघात झाल्यावर उपयोगी पडतो. लॉक, जिथून परत फिरलो असतो तिथून पुढे नेते. आज वाटेवर ओढा गुडघ्याच्या वर असला की मागचे चाक घसरते आणि मी थांबतो. ते घसरणे ही एक सूचना असते. लॉक बसल्यावर ती सूचना मला ऐकू येणार नाही, आणि मी कमरेएवढ्या ओढ्यापर्यंत जाऊन पोचेन. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, हा घाट ठिकठिकाणी तुटला, महाड तालुक्यात तळिये आणि आमच्या पोलादपुरात केवनाळे, सुतारवाडी इथे डोंगर घरांवर आले. त्या रात्री कोणत्याही गाडीने बाहेर निघणे म्हणजे काय झाले असते, याची कल्पना करतो तेव्हा कमी ताकदीच्या यंत्राविषयी मला आदर वाटतो.

हा युक्तिवाद मी वाडीवर बोलून दाखवला तेव्हा तो फारसा टिकला नाही. एक काकू म्हणाल्या, "सर, तुम्ही थांबता ते ठीक. पोटात कळा आलेली बाई कशी थांबायची?" आणि खरेच, सूचना मिळाली म्हणून थांबण्याची मुभा ज्याला आहे तो चालक असतो. आजारी माणूस ओढ्याच्या अलीकडेच राहतो. माझ्या संयमाची किंमत दुसऱ्याने भरायची, हा हिशेब मला अजून नीट जुळवता आलेला नाही. जहाजमालक जहाजावर नव्हता, तसा इथे मीही एका अर्थी घोंगडीत नव्हतो.

शेवटी साधी जोडी बसवली. मिस्त्रींनी शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या दातांना लावला, पिनियन फिरवले आणि खूण कुठे उमटते ते पाहिले. मारुतीला लागतो तोच शेंदूर. खूण दाताच्या टोकाकडे आली म्हणून पातळ पत्र्याच्या चकत्या काढल्या, घातल्या, पुन्हा शेंदूर. असे तीन-चार तास. क्राऊनला त्रेचाळीस दात, पिनियनला आठ. या दोन संख्यांना समान भाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि मगच पहिल्याकडे परत येतो. झीज एकाच जागी साचू नये म्हणून कोणीतरी केव्हातरी हे आकडे असे निवडले. मिस्त्रींना हे गणित माहीत नव्हते. पण सारखे भाग जाणारी जोडी लवकर बोलायला लागते, एवढे त्यांना हाताने ठाऊक होते.

लॉकचे पैसे शिल्लक राहिले होते. ते खर्च करण्याविषयी वाडीवर दोन रात्री बोलणे झाले. कोणी म्हणाले डोलीसाठी नवे दांडे आणि ताडपत्री घ्या. कोणी म्हणाले देवळाचे पत्रे. अखेर ओढ्याच्या वरच्या सगळ्यात वाईट चढावर सिमेंटचे दोन पट्टे टाकायचे ठरले, चाकांच्या अंतराएवढे, मध्ये गवत. गाडीला पकड दिली तर ती माझ्या गाडीलाच मिळते. रस्त्याला दिली तर डोलीवाल्यांच्या पायांनाही मिळते, हा मुद्दा एका शाळकरी मुलाने काढला, माझा नव्हे. खडी ओढ्यातली, श्रम वाडीचे. साठ-सत्तर फूट झाले.

पुढच्या पावसात वरचा पट्टा राहिला. खालच्याच्या बुडाखालची माती वाहून गेली आणि तो मधोमध तुटून ओढ्याकडे कलला. मिस्त्री एकदा भाजीसाठी म्हणून वर आले होते. त्यांनी तो पाहिला, पायाने दाबून पाहिला, आणि म्हणाले, "लॉक असतं तर एवढं लागलं नसतं, सर." काकूंनी त्यांना चहा दिला. खालचा पट्टा या वेळी दगडांच्या पिचिंगवर घ्यायचा असे चालले आहे. भात कापून झाले की माणसे मोकळी होतील.